बुटका फिल्टर

गॅरेजच्या गल्लीत गाड्यांच्या सुट्या भागांची सात दुकानं होती. पण वस्तू बिनचूक हवी असली की मिस्त्री लोक कोपऱ्यावरच्या दुकानात जायचे, कारण तिथे कॅटलॉगकाका असत. हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं. कुणी ठेवलं, कधी ठेवलं, हेही आता कुणाला सांगता आलं नसतं. एकोणतीस वर्षं ते त्याच काउंटरमागे उभे होते आणि तेवढ्या काळात जे जे भाग त्या दुकानात आले, त्यांचे नंबर त्यांच्या डोक्यात मुक्कामाला होते. गिऱ्हाइकानं गाडीचं नाव आणि साल सांगायचा अवकाश, काका मान न वळवता हात मागे करायचे आणि फळीवरून खोकं काढून समोर ठेवायचे.

एकदा एका मिस्त्रीनं त्यांना डोळे मिटायला लावून हातात एक जुना एअर फिल्टर दिला. काकांनी कागदाच्या घड्यांवरून अंगठा फिरवला, रबरी कड चिमटीत धरून पाहिली आणि गाडीचं नाव सांगितलं, साल सांगितलं. वर म्हणाले, "आणि ही गाडी तुझ्या मेव्हण्याची दिसते. स्वतःची असती तर हा फिल्टर दोन वर्षं चालवला नसतास." गल्ली आठवडाभर त्यावर हसत होती.

दुकानाचे मालक काकांहून वीस वर्षांनी लहान. वडील गेल्यावर गादीवर बसलेले. काकांनी त्यांना हाफ पँटमध्ये पाहिलं होतं, त्यामुळे गिऱ्हाइकांदेखत "मालक" आणि आतल्या खोलीत "बाळ" अशी दोन संबोधनं चालत. मालकांनी हौसेनं कॉम्प्युटर आणला होता. गाडीचा चासी नंबर टाकला की नेमका भाग दाखवणारा. काकांनी त्याच्यावर प्लॅस्टिकचं आच्छादन घातलं होतं आणि त्या आच्छादनावर बिलबुक ठेवलं होतं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "तो विचार करेपर्यंत गिऱ्हाईक घरी पोचतं."

हवेच्या फिल्टरवर मात्र ते मनापासून बोलत. लोकांना तो कागदाचा तुकडा वाटतो, याचा त्यांना रागच यायचा. इंजिन श्वास घेतं तो यातून, हे ते नव्या गिऱ्हाइकाला हटकून समजावत. स्वस्तातला घेतलात तर कागद पातळ असतो. धुऊन वापरायचा घेतलात तर तो वेळच्या वेळी धुवायला आणि तेल लावायला हवा, आणि ते कुणीच करत नाही. साधा कागदाचा घ्या, चांगल्या बनावटीचा घ्या आणि धुळीत फिरत असाल तर लवकर बदला. आणि शेवटी त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: "फिल्टर गाडीच्या नावानं घ्यायचा नाही, तो ज्यात बसतो त्या डब्याच्या मापानं घ्यायचा. झाकण लागल्यावर चारही कडा दाबून बसल्या पाहिजेत. एक कड जरी सैल राहिली तरी फिल्टर नसल्यासारखाच."

हे सगळं त्यांनी ड्रायव्हिंगच्या बाईंनाही सांगितलं होतं, आणि म्हणूनच पुढं जे झालं ते त्यांना जास्त लागलं.

बाई एकटीच्या जिवावर ड्रायव्हिंग स्कूल चालवत. एकच छोटी गाडी, दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली. शिकायला येणाऱ्या बहुतेक बायकाच. कुणी पन्नाशीत पहिल्यांदा स्टिअरिंग धरणारी, कुणी नवऱ्याला न सांगता शिकणारी. शिकवणी वस्तीच्या टोकाच्या मोकळ्या मैदानावर चालायची. तिथं शेजारून नवा रस्ता होत होता, ट्रक दिवसभर माती ओतत असत आणि बाईंची गाडी संध्याकाळपर्यंत पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखी दिसायची. फिल्टर त्या स्वतःच बदलत. चार क्लिपा तर असतात, त्यासाठी गॅरेज कशाला, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी बाईंनी तीन वेगवेगळे फिल्टर काउंटरवर मांडून घेतले आणि कुठला घ्यावा म्हणून बराच वेळ काथ्याकूट केला. काकांनी मधला निवडून दिला. बाईंनी पर्स उघडत विचारलं, "गाडीचं पुस्तक दाखवू का? त्यात चासी नंबर आहे."

काकांनी हात हलवला. "तुमच्या गाडीचा फिल्टर मला विचारून द्यावा लागला तर मी घरी बसलेलं बरं."

बाई हसल्या, फिल्टर घेऊन गेल्या.

सात महिन्यांनी एक टॅक्सीवाला आला. गाडी बाईंच्याच मॉडेलची, साल तेच. काकांनी हात मागे नेला, खोकं काढलं, समोर ठेवलं. टॅक्सीवाला स्वभावानं चौकस. त्यानं पिशवीतून आपला जुना फिल्टर काढून नव्याच्या शेजारी उभा केला. लांबी सारखी, रुंदी सारखी. पण नवा अर्ध्या बोटानं बुटका.

"काका, हा उंचीला कमी आहे हो."

काका हसले, गंमत केली तुझी म्हणाले, आणि वरच्या फळीवरचं दुसरं खोकं काढून दिलं. टॅक्सीवाला गेला. त्याची पाठ वळली आणि काकांच्या पायांखालची जमीन हलली. त्या गाडीचा डबा साल अर्ध्यावर असताना कंपनीनं बदलला होता. वर्षाच्या पहिल्या सहामाहीतल्या गाडीला बुटका, नंतरच्या गाडीला उंच. हे त्यांना ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हे, गल्लीतल्या निम्म्या मिस्त्र्यांना त्यांनीच ते सांगितलं होतं. आणि आज ते डोक्यात नव्हतंच. चुकीचं आठवलं असतं तर एक वेळ ठीक. पण तिथं काहीच नव्हतं, जणू फळीवरून खोकंच कुणी उचलून नेलं होतं.

मग त्यांना बाई आठवल्या. बाईंची गाडी दिवाळखोर झालेल्या एका एजन्सीकडून घेतलेली, पण बनलेली त्या वर्षाच्या अखेरीला, म्हणजे उंच फिल्टरची. काकांनी मालकांचा डोळा चुकवून जुनी बिलबुकं चाळली. सात महिन्यांपूर्वीचं बिल सापडलं. त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात, बुटक्या फिल्टरचा नंबर.

तीन दिवस त्यांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. बाईंनी गाडी विकली असेल. बाईंना कुणी मिस्त्रीनं फिल्टर बदलून दिला असेल. झाकण लागलं नसतं तर त्या परत आल्याच असत्या. मनाची अशी समजूत घालावी आणि काउंटरवर उभं राहावं, तर मागे नेलेला हात मध्येच थांबायचा. आपण काढतोय ते खोकं खरंच तेच आहे का? त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा खोक्यावरचा नंबर वाचायला सुरुवात केली, आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून चष्मा पुसायचं सोंग केलं.

चौथ्या दिवशी दुपारी, जेवायला जातो सांगून, ते मैदानावर गेले. बाई गाडीच्या डाव्या बाजूला बसल्या होत्या आणि एक घाबरलेली शिकाऊ बाई गाडी मागे घेत होती. गाडी मागे येताना धूर सोडत होती. पातळ, निळसर. काकांना जे पाहायचं नव्हतं ते दिसलं. इंजिन ऑइल जाळायला लागलं होतं.

त्यांनी बाईंना बॉनेट उघडायची विनंती केली. बाईंना वाटलं काका सहज आलेत. त्या म्हणाल्या, बरं झालं आलात, हल्ली ऑइल पिते गाडी, मिस्त्री म्हणतो वय झालं. काकांनी क्लिपा काढल्या, झाकण उचललं. फिल्टर डब्यात असा पडला होता जशी मोठ्या पेटीत लहान वही. बोटानं ढकलला तर हलत होता. इंजिनकडची वरची बाजू, जी आरशासारखी स्वच्छ असायला हवी, तिच्यावर धुळीचा थर होता. त्यांनी इंजिनकडं जाणाऱ्या नळीत तर्जनी फिरवून बाहेर काढली. बोट पांढुरकं झालं होतं, पावडर लावल्यासारखं.

"बाई, हा फिल्टर तुमच्या गाडीचा नाही," काका म्हणाले. "मी चुकीचा दिला. सात महिने ही सगळी धूळ इंजिनमध्ये गेली."

बाई त्या बोटाकडं बघत राहिल्या. शिकाऊ बाई स्टिअरिंग धरून तशीच बसली होती, उतरावं की नाही तिला कळेना.

"पण मी परत आले होते, काका," बाई म्हणाल्या.

"कधी?"

"फिल्टर नेल्यावर दोनच दिवसांनी. झाकण लागतंय पण आत काहीतरी खडखडतंय, असं सांगितलं तुम्हाला. फिल्टर काढून आणला होता. तुम्ही हातात घेऊन पाहिलात आणि म्हणालात, नवा आहे, बसेल हळूहळू. म्हणून मी पुन्हा विचारलं नाही."

काकांनी आठवून पाहिलं. बाई दुकानात आल्या, फिल्टर हातात दिला, आपण तो पाहिला. सांगितल्यावर चित्र डोळ्यांसमोर उभं राहत होतं, पण ते बाईंनी सांगितलं म्हणून. आठवण म्हणून नव्हे. एका चुकीबद्दल कबुली द्यायला ते आले होते. दुसरीचा त्यांना पत्ताच नव्हता.

बाई आरडाओरडा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी फक्त शिकाऊ बाईला उतरायला सांगितलं, उद्याची शिकवणी होणार नाही म्हणाल्या आणि काकांना म्हणाल्या, "तुमच्यावर विश्वास होता म्हणून मी स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवला नाही." मग गाडी चालू करून त्या मिस्त्रीकडं गेल्या. काका चालत परतले. वाटेत त्यांनी रुमालानं बोट पुसलं.

दुकानात येऊन त्यांनी मालकांना आतल्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं. मालक वाईट माणूस नव्हते, पण दुकानदार होते. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, बाईंनी फिल्टर स्वतः बसवला, मिस्त्रीकडून बसवला नाही, म्हणजे बसवण्यातही चूक असू शकते. काकांनी मैदानावर जाऊन कबूल करायला नको होतं. अजूनही खोक्यात माल चुकीचा भरून आला असं म्हणता येईल.

"खोक्यात बरोबरच माल होता, बाळ," काका म्हणाले. "माझ्या डोक्यातला गेला."

ते वाक्य बोलून झाल्यावरच त्यांना कळलं की आपण काय बोललो. मालकांनाही कळलं. बाहेर कुणीतरी क्लचची वायर मागत होतं.

मिस्त्रीनं इंजिन उतरवलं. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, सिलिंडरवर बारीक ओरखडे. धूळ वाळूच्या कागदासारखी घासत राहिली होती. मालकांनी शेवटी लागणारे सगळे भाग दुकानातून द्यायचं कबूल केलं आणि मिस्त्री काकांच्या जुन्या ओळखीमुळे मजुरीचं नाव काढेना. पण गाडी पाच आठवडे उभी राहिली ती राहिलीच. तेवढ्या काळात बाईंकडं शिकणाऱ्या नऊपैकी सहा जणी दुसऱ्या स्कूलला गेल्या. त्यातली एक नवऱ्याला न सांगता शिकत होती. तिनं शिकणंच सोडून दिलं, असं नंतर कानावर आलं. काकांना इंजिनापेक्षा ते जास्त डाचलं.

घरी त्यांनी हे बायकोला सांगितलं होतं ते मैदानावर जाऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा पिताना. त्यांना वाटलं, ती धीर देईल, होतं असं कधीकधी म्हणेल. तिनं कप खाली ठेवला आणि पदरानं ओटा पुसायला घेतला, जो स्वच्छच होता.

"अहो, मी तुम्हाला सांगणारच होते," ती म्हणाली.

मग ती हळूहळू सांगत गेली. गेलं वर्षभर ती पाहत होती. गॅसची शेगडी दोनदा चालू राहिली होती. तिनं आपणच विसरलो असं सांगितलं होतं. लेकीला फोन करून ते एकच गोष्ट दोनदा विचारत, आणि लेकही दोनदा उत्तर देई. बँकेत जायला निघाले आणि भाजी घेऊन आले, तेव्हा तिनं भाजीच हवी होती असं म्हणून वेळ मारून नेली होती. त्यांच्या शर्टाच्या खिशात ती रोज घरच्या नंबराची चिठ्ठी ठेवायची. ती त्यांना किराण्याची यादी वाटायची.

काकांचं डोकं फिरलं. वर्षभर तू माझ्यावर पाळत ठेवलीस, असं ते बोलले. अजूनही बरंच टाकून बोलले. "अगं, मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी तो फिल्टर निदान पाहून दिला असता," हे त्यातलं शेवटचं. ते खरं होतं, आणि तिला ते झोंबलं. ती म्हणाली, "मला वाटलं, दुकानात तरी तुम्ही ठीक असाल. एवढे हजार नंबर पाठ असणारा माणूस कसा विसरेल?"

शेवटी बायको त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी त्यांना तीन शब्द सांगितले आणि लक्षात ठेवायला सांगितलं. मग इकडचं तिकडचं विचारलं, शंभरातून पुन्हा पुन्हा सात वजा करायला लावले, घड्याळ काढायला लावलं. वजाबाकी त्यांनी फटाफट केली. त्यांना वाटलं, जमलं. मग डॉक्टरीणबाईंनी ते तीन शब्द विचारले. किल्ली, म्हणाले काका. सफरचंद. तिसरा शब्द होता हे त्यांना माहीत होतं. तो कुठं ठेवलाय हेही माहीत असल्यासारखं वाटत होतं. त्यांचा उजवा हात आपोआप मागे गेला, फळीकडं जातो तसा, आणि खुर्चीच्या पाठीला लागून थांबला. शेजारी बसलेल्या बायकोनं मान दुसरीकडं वळवली.

सुरुवात आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. किती भरभर वाढेल ते कुणी सांगू शकत नाही. काहींचं बरीच वर्षं तिथंच राहतं. जुनं पक्कं बसलेलं असतं, ते उशिरा जातं. नवं आधी जातं. औषध लिहून दिलं.

काउंटर काकांनी स्वतःहून सोडलं. मालकांनी बसा म्हटलं, कॉम्प्युटरवर मी बघून सांगतो, तुम्ही नुसते काढून द्या म्हटलं. काकांनी ऐकलं नाही. पण एक अडचण निघाली. त्या कॉम्प्युटरमध्ये सगळं नव्हतं. जुन्या गाड्या नव्हत्या, साल अर्ध्यावर असताना झालेले बदल नव्हते, एका गाडीचा फिल्टर दुसऱ्या कुठल्या गाडीला चपखल बसतो ते नव्हतं. ते एकाच ठिकाणी होतं, आणि तिथून ते निघून चाललं होतं.

म्हणून रोज दुपारी, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा, दोघं आतल्या खोलीत बसू लागले. काका फळीवरून एकेक खोकं काढून आणत, फिल्टर टेबलावर ठेवत आणि सांगत. मालक लिहून घेत. काकांनी पहिल्याच दिवशी अट घातली होती: मी सांगतोय म्हणून काहीही लिहायचं नाही, प्रत्येक फिल्टर पट्टीनं मोजायचा, आणि मी चुकलो तर तोंडावर सांगायचं. बायकोसारखं झाकून न्यायचं नाही.

बाई गाडी परत मिळाल्यावर एकदा दुकानात आल्या. त्यांनी चासी नंबराचा कागद मालकांपुढं धरला आणि फिल्टर घेतला. काकांकडं पाहून मान हलवली, तब्येतीची चौकशी केली, कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. फिल्टर मात्र त्यांनी बाहेर जाऊन, गाडीचा डबा उघडून, स्वतः घालून पाहिला. मगच रिकामं खोकं दुकानात ठेवून गेल्या. काका दारातून बघत होते. बाईंनी चारही कडांवर बोट फिरवलं तेव्हा त्यांना बरं वाटलं आणि लाजही वाटली. दोन्हींतलं जास्त काय, हे त्यांना ठरवता आलं नाही.

पहिले दोन महिने काका क्वचितच चुकले. जुन्या गाड्यांचं तर ते असं सांगत की मालकांचा हात लिहिताना दुखायचा. गाडीबरोबर तिच्या मालकाची गोष्टही यायची, कोणी ती घोड्यासारखी पळवली, कोणी ती लग्नाच्या वर्षी घेतली आणि भांडणाच्या वर्षी विकली. मालक हसत, आणि तेही लिहू का विचारत.

मग एका दुपारी काकांनी एक लांबट फिल्टर टेबलावर ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं. गाडी, साल, नंबर, लांबी, रुंदी, उंची. आवाज तोच, एकोणतीस वर्षांचा, पुन्हा विचारायची सोय नसलेला. मालकांनी पट्टी लावली. एकदा लावली, मग पुन्हा लावली. खोक्यावरचा नंबर पाहिला. त्यांनी लेखणी उचलली आणि थोडा वेळ तशीच धरून ठेवली.

काकांच्या ते लक्षात आलं.

"सांग," ते म्हणाले.

"गाडी वेगळी आहे, काका. आणि उंचीही चुकली."

काकांनी फिल्टर हातात घेतला. घड्यांवरून अंगठा फिरवला, कड दाबून पाहिली, उजेडाकडं धरला. बराच वेळ ते त्याच्याकडं बघत राहिले, अनोळखी माणूस आपल्याला नावानं हाक मारतो तेव्हा बघावं तसे. मग त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि पट्टी मालकांकडं सरकवली.

"बरोबर काय ते लिही," ते म्हणाले. "आणि पुढचं खोकं तूच आण."